सावन बदी बारस

१

विनोदिनी लेले उज्जैनला येऊन नऊ महिने झाले, तरी उज्जैन तिला आवडलं नव्हतं. यात गावाचा काही दोष नव्हता. क्षिप्रेला पाणी होतं, देवळात महाकाल होता, आणि फ्रीगंजात टॉवरच्या मागच्या गल्लीत मिळालेल्या घराला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं चांगला दगडी ओटा होता. पण राजापूरकडच्या माणसाला भातावाचून सुख कसलं? इथली माणसं सकाळी गहू खात, रात्री गहू खात, आणि पाहुणा आला की त्याच गव्हाचे बाफले करून तुपात बुडवून त्याच्यापुढं ठेवत.

घर मिळालं तेही एक राज्य बुडालं म्हणून. छप्पन सालच्या ऐन दिवाळीत मध्यभारत संपला आणि मध्यप्रदेश सुरू झाला. नवी विटी, नवं राज्य. निम्म्या कचेऱ्या टेबलखुर्च्यांसकट भोपाळला गेल्या, त्यांच्यामागं बाबूलोक गेले आणि उज्जैनात घरं रिकामी पडली. विनोदिनीचा नवरा श्रीपाद सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत असे. भोपाळच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. तो मागं राहिला, आणि नकाशांवरचं जुन्या राज्याचं नाव खोडून वर नवं लिहीत बसला.

त्यांचे दिवस एका साच्यातून काढल्यासारखे जात. दहाला तो कचेरीत जाई. दुपार सगळी विनोदिनीची असे. साडेतीनच्या सुमाराला बगदीराम दूधवाला येई, ओट्याच्या पायरीवर चरवी टेकवी आणि अर्धा शेर दूध मापून देई. मग ती चहाला आधण ठेवी, श्रीपाद येई, दिवेलागण होई आणि एक दिवस संपला म्हणून दोघं मनातल्या मनात सुटल्यासारखं करीत.

आषाढ संपत आला होता. दुपारभर पाऊस पडून नुकता थांबला होता. बगदीरामनं अर्धा शेर मापलं आणि माप पुन्हा चरवीत बुडवलं.

“ये क्या?” विनोदिनीनं विचारलं. तिचं हिंदी भाजीबाजाराएवढंच होतं.

“छोरी सारू, बाईसाब. पाव भर.”

“कौनसी छोरी? हमारे यहाँ छोरी नहीं है.”

बगदीराम हसला. बायका चेष्टा करतात, त्यात बाबूंच्या बायका जास्तच, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं. “अभी तो ओटले पे बैठी थी. बोली, म्हारे बी दूध चइये.”

ती रागावली. त्यानं मुकाट्यानं माप परत चरवीत उपडं केलं आणि तो गेला. विनोदिनीनं ओट्याकडं पाहिलं. सगळा ओटा पावसानं भिजून काळा झाला होता. भिंतीशी मात्र, एका लहानशा पाटाएवढी, जागा कोरडी होती. छपराची वळचण तिथवर येत असेल, असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

२

आता सांगायला हवं, कारण ते तिनं उज्जैनात कोणालाच सांगितलं नव्हतं. लेल्यांना एक मुलगी होती. माणिक तिचं नाव.

श्रीपादला उज्जैनची नोकरी लागली तेव्हा तो एकटाच पुढं आला. घर मिळालं की दोघींना न्यायचं ठरलं होतं. तो दर आठवड्याला पत्र लिही, आणि त्यातलं अर्धं पत्र माणिकसाठी असे. इथं एक मोठं घड्याळ आहे, ते सगळ्या गावाला वेळ सांगतं. इथं टांगे आहेत, घोड्यांच्या डोक्यावर तुरे असतात. विनोदिनी ती पत्रं वाचून दाखवी आणि चार वर्षांची पोर रोज उठून विचारी, “आज जायचं उज्जैनीला?” उद्या, म्हणून सांगत सांगत श्रावण आला. मग घसा धरला, ताप चढला, आणि राजापूरच्या डॉक्टरांनी घटसर्प म्हणून सांगेपर्यंत दोन दिवस गेले होते. श्रावण वद्य द्वादशीला दुपारी पोर गेली, आईच्या मांडीवर. इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत. तिला पुरलं.

तार मिळून श्रीपाद पोचला तो चौथ्या दिवशी. त्यानं पाहिली ती ओली माती आणि वर ठेवलेला दगड. तो रडला नाही, काही विचारलं नाही. तेव्हापासून त्यानं माणिकचं नावही घेतलं नव्हतं, आणि विनोदिनीनं ते त्याच्यापुढं घेतलं नव्हतं. दुःख दोघांचं एकच होतं, पण ते एका घरात दोन चुली मांडल्यासारखे आपापलं शिजवून खात होते.

शेजारपाजारी कोणी मुलंबाळं विचारली की विनोदिनी “अजून नाही” म्हणे.  नव्या गावात हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायकांनी आपल्याकडं कीव करून बघावं, हे तिला सोसलं नसतं.

३

पलीकडच्या घरात अक्का पोतनीस राहत. यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकुनीला म्हणून आले आणि दोनशे वर्षं इथंच मुरले. सत्तरीच्या अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण कान असे तिखट की गल्लीत कोणाची वाटी पडली तरी धातू ओळखत. त्यांचं मराठी ऐकून विनोदिनीला आधी हसू येई, मग बरं वाटे.

दूधवाल्याच्या त्या प्रकारानंतर चारपाच दिवसांनी अक्का भिंतीपलीकडून म्हणाल्या, “काय गं विनोदिनी, इतके दिवस छुपवून ठेवलीस होय पोरीला? गावाहून कधी आणलीस?”

विनोदिनीच्या हातातला पिळलेला कपडा तसाच राहिला. “कोणाला, अक्का?”

“आता कोणाला म्हणजे! ओट्यावर बसून रोज बातचीत करून राहिली ना ती. मोठी मीठी बोलते. आणि मालवी तर अशी साफ, की मला वाटलं बगदीरामचीच पोर आहे. मी विचारलं, कुणाची गं तू? तर म्हणते, लेले बाबू की.”

“दुसऱ्या कोणाची असेल.”

“असेल बाई,” अक्का म्हणाल्या, पण त्यांना ते पटलं नव्हतं. “पोरं भाषा लवकर उचलतात. तू अजून ‘टमाटर कैसा दिया’वरच अटकली आहेस.”

विनोदिनी आत आली. माणिकला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. राजापुरात कोण बोलणार हिंदी? तेव्हा ही माणिक नव्हे, असा तिनं सरळ हिशोब केला. या हिशोबानं तिला धीर यायला हवा होता. आला नाही. उलट काहीतरी हातातून निसटल्यासारखं झालं, आणि स्वतःच्या मनाची तिला भीती वाटली. मन चिंती ते वैरी न चिंती.

त्याच दुपारी ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या खोलीत ट्रंका, गाद्या आणि श्रीपादचं नकाशांचं टेबल, एवढंच सामान. तिथून, फरशीवर खडा ओढावा तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग बारीक, घोळवून बोलणारा गळा म्हणाला:

“ग्यारा. बारा. तेरा.”

विनोदिनीनं सूप खाली ठेवलं.

“चौदा,” गळा म्हणाला, आणि अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पण एकपासून नव्हे, अकरापासून.

माणिकला दहापर्यंत येत होतं. पुढचे आकडे उज्जैनीला गेल्यावर बाबा शिकवतील, असं तिला विनोदिनीनंच सांगितलं होतं.

तिनं दार उघडलं तेव्हा खोलीत ट्रंका होत्या, गाद्या होत्या, आणि टेबलावरचा नकाशा वाऱ्यानं हलत होता. खिडकी बंद होती.

४

सुरुवातीला ती घाबरली, हे खरंच. दोन दिवस ती दुपारची अक्कांकडं जाऊन बसली. पण तिसऱ्या दिवशी अक्कांच्या ओट्यावर बसून तिचे कान आपल्याच घराकडं लागले होते, आणि पंधरा-सोळा येतंय की नाही, या काळजीनं तिला तिथं बसवेना. ती उठून घरी गेली. स्वयंपाकघरात, दाराकडं पाठ करून बसली.

“पंद्रा. सोला. सत्रा,” मागून आलं.

“माणिक,” ती हळूच म्हणाली.

आवाज थांबला. लाजून वा रुसून थांबतात तसा नव्हे. आपल्याला नव्हे, दुसऱ्याच कोणाला हाक मारली, असं समजून गप्प राहावं तसा.

तिनं माणिकची सगळी नावं घेऊन पाहिली. मणी, मणूताई, चिमणे. काही नाही. शेवटी, जीभ जड होत असताना, तिनं विचारलं, “कौन है?”

खोलीत कोणीतरी खुदकन हसलं.

त्या हसण्यानं विनोदिनीच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. हसणं ओळखीचं होतं की नाही? ती तासभर तेच उगाळत राहिली. वर्षभरात मुलाचा गळा बदलतो. पण कोणाचा बदलतो? वाढत्या मुलाचा. पुढं विचार करायला तिची बुद्धी तयार होईना.

ती बगदीरामकडून पावशेर दूध जास्त घ्यायला लागली. वाटीत ओतून मागच्या खोलीत ठेवी. दूध संपत नसे. संध्याकाळी वाटीत तितकंच दूध, वर साय धरलेलं. तरी ती रोज ठेवी. मेतकूट घालून मऊ भातही करून पाहिला, तोही तसाच राहिला. आईचा जीव दुधाची तहान ताकावर भागवायला निघाला होता, आणि इथं ताकही मिळत नव्हतं, नुसता ताकाचा वास.

श्रीपादला तिनं सांगितलं. माणिकचं नाव न घेता, मागच्या खोलीत आवाज येतो एवढंच. त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाला, “जुन्या घरांच्या भिंती पोकळ असतात. पलीकडच्या गल्लीतला आवाज इकडं उमटतो. माझा रोजचा विषय आहे तो.”

“पलीकडच्या गल्लीत शाळा नाही.”

“मग कोणी घरी शिकवत असेल.”

बोलणं बिनतोड होतं. पण हल्ली तो पाचऐवजी चारलाच घरी येऊ लागला होता. आल्यावर चहा व्हायच्या आत मागच्या खोलीत जाई, नकाशाचं काम आहे म्हणून, आणि दार लोटून घेई. आतून रूळ सरकल्याचा आवाज येई, पेन्सिलीचा येई. आपल्याला सोबत म्हणून हे लवकर येतात, असं विनोदिनीनं समजून घेतलं.

५

गोकुळाष्टमीला कचेरीला सुट्टी होती. अक्का प्रसादाची धण्याची पंजिरी घेऊन आल्या आणि श्रीपादपुढं वाटी ठेवत म्हणाल्या, “घ्या श्रीपादराव. भादव्याची आठम म्हणजे आमच्याकडं पंजिरी पाहिजेच.”

“श्रावणातली अष्टमी, अक्का,” विनोदिनी हसून म्हणाली. “भादवा अजून लागायचाय.”

“तुमचा लागायचाय. इथला लागून आठ दिवस झाले.” अक्का आरामात भिंतीला टेकल्या. “अगं, इथं महिना पुनवेच्या दुसऱ्या दिवशी बदलतो. वद्य पक्ष आधी, शुद्ध मागून. आपलं उलट. म्हणून आपला श्रावण वद्य, तो यांचा भादवा बदी. आणि यांचं सावन बदी होतं ना, तेव्हा आपल्या घरी आषाढच असतो. शुद्ध पक्षात मात्र दोघांचं जमतं. आम्ही घरात आपलं पंचांग पाहतो, बाजारात यांचं. महाकालाची सवारी पण बघ, यांच्या सावनापासून निघते ती आपल्या श्रावणापर्यंत चालते. देवानं दोघांना राजी ठेवलं आहे.”

श्रीपादची वाटी खाली पडली. पंजिरी फरशीवर सांडली. अक्कांनी आवाजावरून “पितळी” म्हटलं आणि स्वतःच हसल्या. श्रीपाद हसला नाही. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

अक्का गेल्यावर त्यानं सांडलेली पंजिरी वाटीत भरली. मग वर्षभरात पहिल्यांदा म्हणाला, “माणिक.”

विनोदिनी खाली बसली.

“मी तुला न विचारता एक गोष्ट केली. ज्येष्ठात भैरवगढला गेलो होतो, सिद्धवटावर. तिथल्या पंड्यानं सांगितलं, लहान मुलाला पिंड नसतो, वर्ष भरलं की त्या तिथीला वडाला नुसतं दूध घालायचं, म्हणजे मूल सुखानं पुढं जातं. मला म्हणाला, तिथी सांगून ठेवा. मी सांगितलं, श्रावण वद्य द्वादशी. त्यानं वहीत लिहिलं, सावन बदी बारस. मला वाटलं, एकच ते. त्या दिवशी मी जाणारही होतो, पण...” तो थांबला. “मी जाणार नव्हतो. माझ्यानं झालं नसतं. त्यालाच घालायला सांगितलं होतं.”

“म्हणजे त्यानं कधी घातलं?”

“त्याच्या सावनात. आपल्या आषाढात. एक महिना आधी. वर्ष भरलंच नव्हतं गं.”

विनोदिनीनं भिंतीवरचं पंचांग काढलं. आषाढ वद्य द्वादशी बुधवारी होती. बगदीरामनं पहिल्यांदा माप परत बुडवलं तो गुरुवार. तिला तो वार पक्का आठवत होता, कारण दत्ताची पूजा करून तिनं दिवा तसाच ठेवला होता.

“त्यानं नाव घेतलं असेल?”

“नाव, गोत्र सगळं. ठिकाण विचारलं, मी इथलंच सांगितलं. फ्रीगंज, टॉवरच्या मागं.” श्रीपादनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी बोलावून घेतलं तिला, विनू. निम्म्या वाटेवरून.”

मागच्या खोलीत खडा ओढल्याचा आवाज झाला. दोघांनीही ऐकला. श्रीपादनं भिंतीच्या पोकळपणाबद्दल काही सांगितलं नाही.

६

तो त्याच दुपारी भैरवगढला जाऊन आला. पंड्याला चूक कळली तेव्हा तो वाद न घालता म्हणाला, की बाबूजी, आपल्या तिथीला दोघं या, आपल्या हातानं दूध घाला. घातल्यावर मागं वळून बघायचं नाही आणि नाव घ्यायचं नाही. बस.

“चार दिवस आहेत,” श्रीपाद म्हणाला. “जायलाच हवं. तिचं तरी भलं होऊ दे.”

विनोदिनीनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, मी येणार नाही. एकदा मांडीवरून गेली ते सोसलं. आता आपल्या हातानं दुसऱ्यांदा घालवायची? दूध पीत नाही, भात खात नाही, हाक ऐकत नाही, तर न ऐको. मागच्या खोलीत बसून आकडे म्हणते ना? सत्तेचाळीसपर्यंत आली होती. शंभर होऊ देत, मग बघू. पोर दहावर अडून मातीत गेली होती, ती शंभरापर्यंत जात असेल तर कोणत्या आईनं अडवावं? शास्त्राला काय जातं सांगायला.

दशमीला बगदीराम आला तेव्हा ती दाराच्या आड उभी होती, फडताळातून पातेलं काढत. बाहेर त्याचं कोणाशी तरी बोलणं चाललेलं तिला ऐकू येत होतं. त्याचाच आवाज तेवढा. मधे मधे तो थांबे, ऐकून घ्यावं तसा, आणि “हाँ बेटा”, “अच्छा?” म्हणे. तिनं दार उघडलं. बगदीराम एकटा होता, चरवीवर हात ठेवून, ओट्याच्या कोपऱ्याकडं तोंड करून. तिला बघून तो दचकला.

“अरे, आप तो घर में हो!”

“मैं घर में ही होती हूँ.”

“छोरी बोली घर में कोई नी है.” त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटत होतं. “मैं रोज पूछूँ, थारी माँ काँ है? रोज बोले, माँ तो गाँव में रह गई. बाबूजी के पास अकेली आई हूँ. म्हने सोचा, आप दूसरी...” तो ओशाळला. “माफ करना बाईसाब.”

विनोदिनीनं दूध घेतलं. आत येऊन पातेलं ठेवलं आणि ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

माँ गाँव में रह गई. खरंच होतं ते. पोरीनं आईला शेवटचं पाहिलं ते राजापुरात, आणि बापानं नाव घेऊन बोलावलं ते उज्जैनला. ज्या आईच्या मांडीवर डोळे मिटले ती आई तिच्या लेखी तिथंच होती. इथं या घरात एक बाई दिवसभर वावरे, वाट्या ठेवी, कोणाला तरी हाका मारी; ती कोण, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. कदाचित ती बाई तिला दिसतच नव्हती, जशी या बाईला ती दिसत नव्हती. महिनाभर माणिक ओट्यावर बसून आईची वाट बघत होती, आणि तिची आई चार हातांवर तांदूळ निवडत होती.

मग ती रडली. वर्षभर नेमानं थोडं थोडं रडत आली होती, तसं नव्हे. तोंडात पदर कोंबून, अक्कांच्या कानांना चुकवून, जमिनीवर आडवी होऊन रडली. आणि उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. जिथं आई सापडत नाही तिथं मुलाला ठेवून घेणं, हे प्रेम नव्हे.

“जाऊ या आपण द्वादशीला,” तिनं रात्री श्रीपादला सांगितलं.

तो भाकरी कुस्करत होता. कुस्करतच राहिला. “हो,” म्हणाला. “जायलाच हवं.” पण वर बघून म्हणाला नाही.

७

द्वादशीला पाऊस रिपरिपत होता. टांगा भैरवगढच्या रस्त्याला लागला तेव्हा दहा वाजले असतील. छपाईवाल्यांनी रंगवलेले कपडे आत घेतले होते, आणि उघड्या दारांतून लाल-काळ्या कापडाची थानं टांगलेली दिसत होती. दोघांमधे दुधाचा तांब्या होता. विनोदिनीनं त्यावर हात ठेवला होता, श्रीपादनं नाही.

घाटावर गर्दी नव्हती. क्षिप्रा फुगून गढूळ झाली होती आणि खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. पंड्या म्हातारा, कोरड्या चेहऱ्याचा माणूस होता. त्यानं पुन्हा तिथी विचारली, बोटं मोजली आणि म्हणाला, “आज सही है.”

विनोदिनीनं वडाच्या बुंध्याशी दूध घातलं.  मनात म्हणाली, जा बाळा, आई गावीच आहे, तिथंच भेटेल. इतकंच. मग तांब्या तिनं श्रीपादकडं दिला. त्यानं धार धरली ती इतकी बारीक, की दूध संपता संपेना. पंड्यानं शेवटी त्याच्या मनगटाला हात लावला, तेव्हा तांब्या उपडा झाला.

“अब जाओ. पीछे मत देखना. नाम मत लेना.”

दोघं पायऱ्या चढू लागली. विनोदिनी समोर बघत होती, वर उभ्या टांग्याच्या चाकाकडं. महिनाभरात पहिल्यांदा तिचे कान शांत होते. आत एक मोठी जागा रिकामी झाली होती आणि दुखत होती, पण ते दुखणं स्वच्छ होतं. झालं एकदाचं, असं ती म्हणणार होती. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की श्रीपाद मागं पडतोय.

एक पायरी तो चढे आणि थांबे. मग दुसरी, पुन्हा थांबे. मागं बघायचं नव्हतं. पण तो अर्ध्या पायरीवरच होता, आणि डोळ्याच्या कडेनं दिसतं त्याला कोण काय करणार? त्याचा उजवा खांदा उतरला होता. हात खाली सोडलेला, मूठ मिटलेली, आणि एकच बोट पुढं काढलेलं, जरा वाकडं. चार वर्षांच्या मुलाच्या मुठीत येईल तेवढ्या उंचीवर.

“सँभल के,” तो हळूच म्हणाला. “पायरी बडी है.”

श्रीपाद तिच्याशी कधी हिंदीत बोलत नसे.

विनोदिनीच्या ओठांवर नाव आलं. ते घेतलं असतं किंवा मान वळवली असती, तर काय झालं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. पण काहीतरी झालं असतं, त्याचं बोट धरणारी मूठ सुटली असती. मग तिला दिसला तो चौथ्या दिवशी राजापूरच्या उन्हात दगडापुढं उभा असलेला श्रीपाद. तिच्या मांडीवर निदान दोन दिवस ताप तरी होता. त्याच्या वाट्याला तोही आला नव्हता. रोज चारला घरी येऊन, दार लोटून, त्यानं कोणाला सत्तेचाळीसपर्यंत आणलं होतं, हे तिला आत्ता कळलं. तिनं ओठ मिटून घेतले आणि पुढची पायरी चढली.

टांग्यात ती आधी बसली. श्रीपाद खाली वाकला. दोन्ही हातांनी काहीतरी उचलून सीटवर ठेवावं, तसं त्यानं केलं. टांगा किंचित दबला. मग तो स्वतः चढून पलीकडच्या कडेला बसला, आणि दोघांमधे वीतभर जागा राहिली.

“फ्रीगंज?” टांगेवाल्यानं विचारलं.

“हाँ,” श्रीपाद म्हणाला. “घर.” आणि त्या जागेकडं बघून हसला. लग्नापासून विनोदिनीनं त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पाऊस आडवा येऊन आत शिंतडत होता. विनोदिनीनं पदर सोडवला आणि मधल्या जागेवर धरला, आडोसा होईल असा. तो कोणी ओढून घेतला नाही, त्याखाली कोणी सरकून आलं नाही. तिचा हात भरून आला, तरी टॉवर येईपर्यंत तिनं तो खाली केला नाही.